कुत्र्याचा रंग: प्रदर्शनातला आणि घरातला

लातूरकडच्या शेतकऱ्याला देवणी गुरांचे रंग शिकवावे लागत नाहीत. अंग पांढरे आणि तोंड काळसर तो वानेरा, सारा पांढरा तो बाळंक्या, पांढऱ्यावर काळे डाग तो शेवरा. रंगाने जात ओळखू येते. पण बैल घेताना शेतकरी खूर पाहतो, दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. कुत्रा घेताना मात्र आपण ही रीत विसरतो.

अंधेरीला आमच्या शेजारच्या मुलीसाठी पॉमेरेनियनचे पिल्लू घ्यायचे होते. तिच्या वडिलांबरोबर मीही गेलो. विकणाऱ्याने दोन पिल्ले पुढे केली. एक नारिंगी, पण पुढचा एक पंजा पांढरा. ते स्वस्त, कारण 'प्रदर्शनाला चालायचे नाही'. दुसरे अर्धेअधिक पांढरे, मधूनमधून करडे ठिपके, एक डोळा निळा. त्याची किंमत दुप्पट. "काका, दुर्मिळ म्हणजे चांगले ना?" मुलीने विचारले.

प्रदर्शनात परीक्षक प्रत्येक कुत्रा त्या जातीच्या लेखी मानकाशी ताडून पाहतो. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला, आणि अशी मानके पुढे जगभर रूढ झाली. माल्टीज हवा पांढराशुभ्र. फार तर फिकट हस्तिदंती झाक चालते. फिकट पिवळसर पगचे तोंड काळेच हवे. नारिंगी पॉमेरेनियनचा पांढरा पंजा हा तिथे दोष. पण त्या पंजाने कुत्रा लंगडत नाही, की त्याची माया कमी होत नाही. घरी तो दोष नव्हेच.

दुसऱ्या पिल्लाची गोष्ट निराळी. असे ठिपके पाडणाऱ्या गुणाला मर्ल म्हणतात. त्याचे मूळ असलेला जनुक २००६ साली सापडला. हा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर अंगावर ठिपके उठतात. दोघांकडून आला, तर रंग बनविणाऱ्या पेशीच फार कमी पडतात. या पेशी केवळ केसांना रंग देत नाहीत. आतल्या कानाचे काम नीट चालायलाही त्या लागतात. म्हणून अशी पिल्ले पुष्कळदा पांढुरकी, बहिरी, कधी डोळ्यांनी अधूही निपजतात. आईबाप दोघेही ठिपक्यांचे असले, तर सरासरी चारांतल्या एका पिल्लाच्या वाट्याला हे दुहेरी दान येते. शिक्षकबंधूंनी दोन नाणी उडवून हा हिशेब वर्गात जरूर दाखवावा: दोन्ही छापे चार खेपांत सरासरी एकदाच पडतात.

आम्ही आईबाप दाखवा म्हटले. दोघेही ठिपक्यांचे निघाले. पिल्लू पाठमोरे असताना मी किल्ल्यांचा जुडगा वाजवला. नारिंगी पिल्लाने चटकन मान वळवली; पांढुरके तसेच चटईचा धागा ओढत राहिले. अशा वेळी पाय मात्र आपटू नये, कारण बहिऱ्या पिल्लालाही जमिनीचा हादरा कळतो. शिवाय एकाच कानाने बहिरे असलेले पिल्लू या परीक्षेत उतरते, म्हणून पक्की तपासणी पशुवैद्याकडूनच करावी.

तेव्हा रंग मानकात बसत नाही, एवढ्यावरून पिल्लू टाकू नये. आणि रंग दुर्मिळ आहे, एवढ्यावरून घेऊही नये. आईबाप पाहावेत, डोळे-कान तपासावेत, लसी टोचल्या का ते विचारावे. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी विकू नये, असा आपल्याकडे २०१७ पासून नियमही आहे. बहिरे कुत्रेही हाताच्या खुणा शिकून सुखाने नांदते. पण ते जाणूनबुजून पत्करावे, दुप्पट दाम मोजून फसून नव्हे. आणि ठिपक्यांच्या नर-मादीची जोडी मुळात लावूच नये. विकणाऱ्यालाही आम्ही हेच सांगितले.

मुलीने पांढऱ्या पंजाचे पिल्लू उचलले. त्याचे नाव तिने ठेवले मोजा.