परक्या पेशीची झडती

कत्तलखान्यातून आणलेलं डुकराचं रक्त सलाइनने धुतलं की नळीच्या तळाशी तांबड्या पेशी उरतात. त्यांचा एक थेंब आणि माझ्याच रक्तातलं ताजं सीरम काचपट्टीवर मिसळलं. पट्टी जरा हलवली तोच थेंब रवाळ दिसू लागला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशींचे गठ्ठेच्या गठ्ठे. हेच मिश्रण एका नळीत ३७ अंशांवर ठेवलं होतं. त्यातला गढूळ लाल द्रव हळूहळू आरपार दिसेल इतका नितळ झाला, पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर आलं होतं. सीरम आधी अर्धा तास ५६ अंशांवर तापवलं, तर गठ्ठे होतात, पण पेशी फुटत नाहीत. फोडण्याचं काम ‘कॉम्प्लिमेंट’ या प्रथिनांचं, आणि ती उष्णतेने निकामी होतात.

डुकराच्या रक्ताशी माझ्या रक्ताची गाठ याआधी कधी पडली नव्हती. मग एवढी तयारी आली कुठून? आतड्यातून. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते, माणसाच्या पेशींवर नसते. आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर तशाच साखरा असल्यामुळे त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं लहानपणापासूनच रक्तात फिरत असतात. साध्या डुकराचं मूत्रपिंड माणसाला जोडलं, तर काही मिनिटांत किंवा तासांत गुठळ्या होऊन ते काळंनिळं पडतं.

जनुक काढून ही साखर घालवता येते. मग पाळी पांढऱ्या पेशींची, आणि मला खरं कुतूहल त्यांचंच. टी-पेशी परकं प्रथिन हुडकतात, ते समजण्यासारखं आहे. भक्षक पेशींचा खाक्या वेगळा. आपल्या पेशींवरचं सीडी४७ हे प्रथिन त्यांना ‘मला गिळू नकोस’ असं बजावत असतं. डुकराचं सीडी४७ त्यांना नीट पटत नाही. गुन्हा सिद्ध व्हायची वाट कोण बघतो. ओळखपत्र नाही, एवढं पुरतं.

मार्च २०२४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६२ वर्षांच्या रुग्णाला डुकराचं मूत्रपिंड बसवलं. त्या डुकरात ६९ जनुकीय बदल होते : तीन साखरांची जनुकं बंद, माणसाची सात जनुकं घातलेली (त्यात सीडी४७ही), आणि बाकीचे ५९ बदल डुकराच्या जनुकांत दडलेले विषाणू निकामी करण्यासाठी. मूत्रपिंडाने टेबलावरच लघवी तयार करायला सुरुवात केली. तरीही आठव्या दिवशी टी-पेशींनी ते गाठलंच. औषधं वाढवून तो हल्ला परतवला. मे महिन्यात रुग्ण हृदयविकाराने अचानक दगावला. शवविच्छेदनात मूत्रपिंड नाकारलं गेल्याची खूण सापडली नाही.