जुनी जग्वार घरी कशी सांभाळावी

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेला माणूस जग्वारसारख्या श्रीमंती मोटारीवर बोलायला उभा राहतो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु गाडी श्रीमंताची असली तरी तिची विद्या कामगाराचीच आहे. ई-टाइप जग्वार १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. ती घडली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात. तिथली मोटारींची जुळणीही २००५ साली थांबली. ज्या हातांना या इंजिनाचा स्वभाव ठाऊक होता, ते हात पांगले. म्हणून ज्याच्या घरी अशी गाडी आहे, त्याला आता निदान स्वतः शिकावे लागते.

पहिल्या ई-टाइपचे इंजिन ३.८ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आणि तीन एस. यू. कार्ब्युरेटर. कंपनी त्याची ताकद २६५ अश्वशक्ती सांगत असे. या इंजिनाची एक खोड आधीच सांगून ठेवतो. जग्वारवाले सिलिंडर मागून मोजतात. पहिला सिलिंडर म्हणजे चालकाच्या बाजूचा. इतर गाड्यांच्या सवयीने कोणी पुढून मोजून प्लगच्या तारा लावल्या तर १-५-३-६-२-४ हा क्रम तसाच राहतो, पण सगळ्या ठिणग्या इंजिनाच्या एका पूर्ण फेऱ्याने चुकतात. इंजिन सुरू होत नाही, उलटे फटफटते, आणि मालक बिचारा कार्ब्युरेटर खोलून बसतो.

आता नेहमीची तक्रार घेऊ. गाडी सकाळी सुरेख सुटते, अर्ध्या तासाने गरम होऊन बंद पडते, आणि वीस मिनिटे सावलीत उभी केली की मुकाट्याने पुन्हा चालू लागते. दोष कोणाचा? ठिणगीचा की पेट्रोलचा? कॉइलच्या आतली तार तापल्यावर तुटक होते, कन्डेन्सरही उष्णतेने दगा देतो. उलटपक्षी नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन त्याचा ओघ तुटतो. लक्षण तिन्हींचे एकच. म्हणून परीक्षा गाडी बंद पडल्या क्षणीच केली पाहिजे. तक्रार कामाच्या जागी पाहावी लागते, संध्याकाळी कचेरीत बसून ऐकली की तिचा पुरावा नाहीसा झालेला असतो. हे आम्ही संघटनेत फार लवकर शिकलो. जवळ एक जादा प्लग ठेवावा. तो तारेच्या टोकाला बसवून, कार्ब्युरेटरपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा, तार हाताने धरू नये, आणि दुसऱ्याला स्टार्टर फिरवायला सांगावे. टणक निळी ठिणगी पडली तर बहुधा पेट्रोलकडे वळावे. पडली नाही तर पेट्रोलला हात लावू नये. पॉइंट पाहावेत, त्यांतील अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच असावे. ते जळून काळे पडले असतील तर संशय कन्डेन्सरवर घ्यावा. एका वेळी एकच वस्तू बदलावी. चार बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कळत नाही, आणि तीन चांगल्या वस्तू फुकट जातात.

एस. यू. म्हणजे स्किनर्स युनियन. नाव ऐकून मीही एकदा खूष झालो होतो; पण ती युनियन स्किनर भावांची, म्हणजे मालकांचीच! यंत्र मात्र गुणी आहे. इंजिनाच्या ओढीने आतला दट्ट्या वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरते आणि हवेच्या मानाने पेट्रोल वाढते. दट्ट्या धसकन उडू नये म्हणून वरच्या नळीत तेल असते. ते आटले की पाय दाबताच इंजिन दम खाते. कितीएक मालक महिनोन्‌महिने सुया बदलत राहतात आणि दोन चमचे तेल घालायचे विसरतात. इंजिन बंद असताना दट्ट्या बोटाने उचलून सोडावा. खाली पडताना स्वच्छ ‘टक्‌’ आवाज आला पाहिजे. अडखळला तर पुसून साफ करावा, पॉलिश-कागद कधीही लावू नये. मग इंजिन चालू करून, तोंडाशी रबरी नळी धरून तिन्ही कार्ब्युरेटरांचा फुसफुसाट कानाने सारखा करावा. त्यानंतरच मिश्रण तपासावे: दट्ट्या इंचाचा बत्तिसावा भाग उचलला असता इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, वेग ढासळला तर कमी, किंचित वाढून पूर्ववत झाला तर ठीक.

गाडी गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर विजेचा पंखा किंवा त्याचा स्विच पाहावा. मोकळ्या रस्त्यावरच तापत असेल तर रेडिएटर तुंबला असेल.

ब्रेकविषयी मात्र मला आवाज चढवावा लागतो. या गाडीच्या मागच्या ब्रेक-तबकड्या चाकांत नसून आत, डिफरन्शियलला लागून आहेत. तेथवर पोचायला गाडीखाली जावे लागते, म्हणून तेच काम सर्वांत जास्त टाळले जाते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते. मग लांब उतारावर तापून त्यात वाफ होते आणि पायाखालचे पेडल खाली बसते. हे तेल फार तर दोन वर्षांनी बदलावे. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अस्बेस्टॉस असे. तिथली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडके पिशवीत बंद करून टाका. त्या धुळीने कारागिरांची फुप्फुसे वर्षांनंतर निकामी केली, आणि कित्येकांना कारणही कळले नाही.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी लोखंडी घोड्या लागतात, आणि त्याही फरसबंद सपाट जमिनीवर. खाली जाण्यापूर्वी गाडीला दोन्ही हातांनी जोराने हलवून पाहावे. पडायची असेल तर तेव्हाच पडू द्यावी. आणि इंजिन चालू करायचे असेल तेव्हा गाडी अंगणात काढावी. धुरातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास.