विशेग्राद : एक पूल आणि दोन जनगणना

बोस्निया-हर्झेगोविनाच्या पूर्व टोकाला, सर्बियाच्या सीमेजवळ, द्रिना नदीच्या काठी विशेग्राद हे छोटे शहर आहे. शहर आणि भोवतालची खेडी मिळून त्याच नावाची नगरपालिका होते. तिचा आवाका आपल्याकडच्या तालुक्यासारखा. जगाला विशेग्राद माहीत आहे ते एका पुलामुळे. पण तिथे काय घडले हे समजून घ्यायचे, तर पुलाबरोबर जनगणनेचे तक्तेही वाचावे लागतात.

पूल बांधवला मेहमेद पाशा सोकोलोविच याने. याच मुलुखातल्या सर्ब ख्रिस्ती घरातला हा मुलगा. ऑटोमन सैन्यासाठी ख्रिस्ती मुले उचलून नेण्याची प्रथा होती, तीत तो इस्तंबूलला गेला, मुसलमान झाला आणि १५६५ मध्ये साम्राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याच्या आज्ञेवरून सिनान या थोर वास्तुकाराने १५७१ ते १५७७ या काळात अकरा कमानींचा, सुमारे १८० मीटर लांबीचा दगडी पूल उभारला. बोस्नियातून इस्तंबूलकडे जाणारी वाट त्यावरून जाऊ लागली. इव्हो आंद्रिच यांचे बालपण याच शहरात गेले. या पुलावरची त्यांची कादंबरी १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता तक्त्यांकडे वळू. येथे एक खुलासा आवश्यक आहे. इथले लोक भाषेने एकच, वेगळेपण धर्मपरंपरेचे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ते सर्ब. मुसलमानांना मात्र युगोस्लावियाच्या १९४८ च्या जनगणनेत स्वतःचे राष्ट्रीयत्व सांगायला रकानाच नव्हता. सर्ब, क्रोएट किंवा ‘अनिश्चित’ एवढेच पर्याय होते. १९७१ मध्ये ‘मुस्लिम’ ही इतरांच्या बरोबरीची राष्ट्रीयता म्हणून नोंदली गेली. १९९३ पासून हेच लोक स्वतःला ‘बोस्नियाक’ म्हणवतात. हे ध्यानात नसेल, तर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना फसते.

१९९१ च्या जनगणनेत विशेग्राद नगरपालिकेची लोकसंख्या २१,१९९ होती. त्यात मुस्लिम १३,४७१, म्हणजे सुमारे ६४ टक्के आणि सर्ब ६,७४३, म्हणजे सुमारे ३२ टक्के. पुढची जनगणना झाली थेट २०१३ मध्ये. तेव्हा एकूण लोकसंख्या १०,६६८ भरली : सर्ब ९,३३८ आणि बोस्नियाक १,०४३.

या दोन तक्त्यांच्या मधे १९९२ चे वर्ष आहे. युद्ध सुरू झाल्यावर शहर सर्ब सैन्याच्या ताब्यात गेले. मुसलमान रहिवाशांना ठार करण्यात आले, हाकलून देण्यात आले. त्या जूनमध्ये पिओनिर्स्का रस्त्यावरच्या आणि बिकावात्स वस्तीतल्या घरांत बायका-मुले-म्हातारे कोंडून ती घरे पेटवण्यात आली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने हे गुन्हे सिद्ध धरून २००९ मध्ये मिलान लुकिच याला जन्मठेप सुनावली. कित्येकांची प्रेते द्रिनेत टाकली गेली. २०१० मध्ये धरणदुरुस्तीसाठी पेरुचाच जलाशयाची पातळी उतरवली, तेव्हा गाळातून मानवी अवशेष बाहेर आले.

सर्बांची संख्या वाढली, त्यामागेही विस्थापन आहे. युद्धात बोस्नियाच्या इतर भागांतून घर सोडावे लागलेले सर्ब इथे येऊन वसले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धातही याच मुलुखात १९४२ मध्ये उस्ताशांनी सर्बांची आणि १९४३ मध्ये चेतनिकांनी मुसलमानांची कत्तल केली होती. मात्र शतकानुशतके एकत्र राहिलेली वस्ती इतकी पालटली ती १९९२ मध्येच.

१९९५ च्या डेटन करारात विस्थापितांना आपल्या घरी परतण्याचा हक्क दिलेला आहे. २००७ मध्ये पूल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. दोन्ही महायुद्धांत त्याच्या कमानी पडल्या होत्या. त्या पुन्हा बांधल्या गेल्या. माणसांच्या बाबतीत तसे झाले नाही. तेरा हजारांवरच्या समाजापैकी हजारभरच आज तिथे मोजले जातात.

म्हणून २०१३ चा तक्ता एकटा वाचू नये. त्यातले ८७ टक्के पाहून विशेग्राद पूर्वीपासून सर्बबहुल असावे असे कुणालाही वाटेल आणि त्या आकड्यात चूकही सापडणार नाही. १९९१ चा तक्ता शेजारी ठेवला, की मग कोण नाहीसे झाले ते दिसते.