गजातली गायकी : पं. गजाननबुवा जोशी

पं. गजाननबुवा जोशी व्हायोलिन स्वतःचे स्वतः शिकले, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही. पण हे विधान एवढ्यावरच सोडले, तर त्यांच्या वादनातले मर्म हातून निसटते. हातात वाद्य देणारा गुरू नसला, तरी कानात गाणे घालणारे गुरू त्यांना एकाहून एक मिळाले होते. त्यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर या दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

बुवांचा जन्म ३० जानेवारी १९११ चा. वडील पं. अनंत मनोहर तथा अंतूबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे गायक. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली ती बाळकृष्णबुवांनी. म्हणजे गजाननबुवांना ग्वाल्हेर गायकी घरातच मिळाली. पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझ्यांकडून विद्या घेतली, अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडून जयपूर गायकी घेतली आणि विलायत हुसेनखाँ यांच्याकडून आग्र्याची. घराण्यांच्या भिंती उंच असण्याचा तो काळ होता. त्या काळात एका गवयाने तीन घरची विद्या रीतसर बसून घ्यावी, ही साधी बाब नव्हे. तबल्याचीही त्यांना उत्तम जाण होती.

आता वाद्याकडे वळू. व्हायोलिन आपल्याकडे युरोपातून आले. त्याला पडदे नाहीत, त्यामुळे बोट तारेवरून हवे तसे घसरवता येते आणि मींड गळ्यासारखी निघते. पाश्चात्त्य वादक उभ्याने किंवा खुर्चीवर बसून, वाद्य हनुवटीखाली धरून वाजवतो. आपला वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पायावर टेकवतो. त्यामुळे डावा हात मोकळा राहतो व लांब मींड घेता येते. त्यांच्याकडे चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावतात, आपल्याकडे बहुधा षड्ज-पंचमाच्या जोड्या लावण्याची रीत आहे.

पण पडदे नसणे ही नुसती सोय झाली. गायकीचे खरे मर्म उजव्या हातात, गजात आहे. गायकाला श्वास असतो, वादकाला गज. गज एका दिशेने चालू असेपर्यंत एक आकार, तो उलटला की नवे अक्षर किंवा नवा श्वास. ख्याल वाजवताना गज नेमका कुठे उलटायचा, हे बंदिशीचे शब्द ठाऊक असलेल्यालाच कळते. शब्द मधेच तुटला तर जाणत्या श्रोत्याला ते लगेच खटकते, गायनात आणि वादनातही. बोलबांट करायची तर गजाचे आघात आखूड आणि लयीला धरून हवेत. जयपूरच्या अंगाने संथ, गुंफत जाणारा आकार घ्यायचा, तर गज लांब आणि संथ हवा. हे सारे गजाननबुवांना गाण्याच्या तालमीतून आधीच ठाऊक होते. माझ्या मते त्यांच्या ‘स्वयंशिक्षणा’चा अर्थ एवढाच, की त्यांनी गळ्यातली विद्या स्वतः हातात उतरवली.

त्याच पिढ्यांतल्या दोन वादकांशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. पं. व्ही. जी. जोग यांनी गायकीबरोबर तंतकारीचा बाज आणि लयीचा खेळ पुढे आणला, बिस्मिल्लाखाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या. पं. डी. के. दातार (१९३२–२०१८) यांनी पं. द. वि. पलुसकरांच्या गाण्याचा आदर्श समोर ठेवून व्हायोलिन गाते केले. गजाननबुवांचे वेगळेपण हे, की ते स्वतःच मैफलीचे गवई होते. त्यांना दुसऱ्या कुणाचा गळा समोर ठेवावा लागला नाही.

काळाचीही साथ होती. नभोवाणीने १९४० मध्ये हार्मोनिअमला बंदी घातली, ती तीसेक वर्षे टिकली. त्या काळात सारंगी आणि व्हायोलिन यांचे महत्त्व वाढले. बुवांनी नभोवाणीतही नोकरी केली. १९७२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २८ जून १९८७ रोजी ते गेले.

त्यांचा वारसा कुठे शोधायचा? व्हायोलिनमध्ये श्रीधर पार्सेकरांसारखा तेजस्वी शिष्य त्यांना लाभला, पण ते १९६४ मध्येच गेले. मोठा वारसा दिसतो तो गायकांत. आमच्या विदर्भातल्या पांढरकवड्याच्या कशाळकर घरातले अरुण आणि उल्हास हे दोघे बंधू बुवांकडे शिकले. पं. उल्हास कशाळकर ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही गायक्या एकमेकींत न मिसळता, ज्या त्या रागाबंदिशीला साजेल तशा मांडतात. ती शिस्त बुवांच्या तालमीची. वाद्यानुसार याद्या करणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून हा वारसा सुटतो, कारण तो शोधायचा तर व्हायोलिनच्या खान्यातून उठून गायकांच्या खान्यात जावे लागते.

मी वरवट बकालला राहतो. कुठल्या विद्यापीठात मी संगीत शिकलो नाही, ग्रंथ आणि ध्वनिमुद्रणे हीच माझी शाळा. इथल्या एखाद्या मुलाला व्हायोलिन शिकायचे असेल तर शिक्षक गावात मिळणार नाही, आणि हल्ली मोबाइलवर पाहून बोटे बसवणारी मुले मी पाहतो. त्यांना कुणी गजाननबुवांचे उदाहरण देऊन ‘गुरूवाचून अडत नाही’ म्हणत असेल, तर तो त्या मुलांवर अन्याय आहे. बोटे पाहून शिकता येतील. गज कुठे उलटायचा हे मात्र गाणे शिकल्याशिवाय कळत नाही आणि गाणे समोर बसूनच शिकावे लागते. अशा मुलाला व्हायोलिन घेऊन देण्याआधी आठवड्यातून एकदा का होईना, जवळच्या शहरातल्या एखाद्या जाणत्या गवयाकडे पाठवावे. बुवांच्या चरित्रातून घेण्यासारखा धडा मला तरी हाच दिसतो.