सकाळचा वुजू आणि आखडलेली बोटं

फजरची अजान होते, पण अम्मीला नळ फिरवता येत नाही. बोटं आखडलेली असतात. तासाभराने ती सैल होतात आणि घरातले म्हणतात, "आता तर बरी दिसतेस!" आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची, हीच तर खूण. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, सकाळी जास्त आखडतात. म्हातारपणाची गुडघेदुखी वेगळी; हा आजार तिशी-चाळिशीतही गाठतो, स्त्रियांना अधिक.

पुणे जिल्ह्यातल्याच भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी पाहणी केली. प्रौढांत दर दोनशेंमागे साधारण एकाला हा आजार निघाला. कवठे येमाईसारख्या गावातही तो असणारच, फक्त 'वात आहे' म्हणून अंगावर काढला जातो. औषध लवकर सुरू झालं तर बोटं वाकडी होणं टळू शकतं.

केस विंचरता येतात का, पेला उचलता येतो का, असं डॉक्टर विचारतात. ही प्रश्नावली मूळची अमेरिकेतली. आपल्याकडे तिच्यात मांडी घालणं, उकिडवं बसणं आलं. मी म्हणेन, भाकरी थापणं, धुणं पिळणं आणि सजद्यातून उठणंही विचारा. नमाजला सवलत आहे, बसून होते. धुण्याला सवलत कोण देणार? ते मुलाने पिळावं.

मेथोट्रेक्सेटची गोळी आमवातात आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. वार ठरवून घ्या. जुमा लक्षात ठेवायला सोपा.