जुना लॅपटॉप झाला घराचा राखणदार

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना कंपनीचे गेट म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. आमचे महाळुंगे इंगळे हे खेड तालुक्यातले गाव. तळेगाव–चाकण रस्त्याला लागले की दोन्ही अंगांना कंपन्या आणि प्रत्येक कंपनीच्या तोंडाशी सिक्युरिटीची केबिन. कामगाराला ओळखपत्र, पाहुण्याला पास, ट्रकसाठी इनवर्ड-आउटवर्डचे रजिस्टर. नोंद नसेल तर गाडी गेटवरच उभी.

आणि घरी? घरात येणारे इंटरनेट मात्र सताड उघड्या दारासारखे.

आमच्या ध्यानात हे आले ते एका संध्याकाळी. मगरिबची नमाज चालू होती. सलाम फिरवायच्या आतच टीव्ही आपोआप सुरू झाला आणि सिनेमाचे गाणे वाजू लागले. घरातल्या कोणाच्याच हातात रिमोट नव्हता. नंतर उलगडा झाला. शेजारच्या खोलीत कंपनीत काम करणारी मुले राहतात. त्यांना आम्ही वाय-फायचा पासवर्ड दिला होता. त्यांच्यातल्या एकाने फोनवरचे गाणे आपल्या टीव्हीवर पाठवायला बटण दाबले आणि ते आमच्या टीव्हीवर आले. बिचारा माफी मागायला आला. चूक त्याची नव्हती. ज्याच्याकडे आपल्या वाय-फायचा पासवर्ड आहे, तो आपल्या घराच्या आतच उभा असतो, हे आम्हाला कळले नव्हते.

त्या रात्री आम्ही मोजले. पाच फोन, टीव्ही, मुलीचा लॅपटॉप, प्रिंटर आणि दारावरचा कॅमेरा अशी नऊ यंत्रे एकाच जोडणीवर होती. फायबरच्या डब्याचे सेटिंग त्याच्या पोटावर छापलेल्या मूळ पासवर्डनेच उघडत होते. कॅमेऱ्याचीही तीच गत.

फायरवॉल म्हणजे काय?

फायरवॉल म्हणजे नेटच्या दारावरची सिक्युरिटी केबिन. आतल्या फोनने बाहेरून काही मागवले की तिच्या रजिस्टरमध्ये नोंद होते. बाहेरून आलेला माल त्या नोंदीशी जुळला तरच आत सोडला जातो. कोणी न बोलावता दार ठोठावले, तर त्याला बाहेरूनच परत पाठवले जाते. राउटर म्हणजे कोणते पाकीट कोणाकडे जायचे ते ठरवणारा. घरात ही दोन्ही कामे बहुधा एकच यंत्र करते.

पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये हा शिष्टाचार आपल्याला शिकवलेला आहे. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये. परत जा म्हटले तर परत फिरावे. माणसांसाठी आपण हा नियम पाळतो. मग रात्रंदिवस घरात येणाऱ्या नेटला तो का नसावा?

फ्लॉपीवर मावणारा राउटर

फायबरच्या डब्यातही थोडीफार फायरवॉल असते, पण तिच्यावर आपला ताबा फारसा नसतो. नवा चांगला राउटर घ्यायचा तर काही हजार रुपये. माझी मुलगी डिप्लोमाला कॉम्प्युटर शिकते. ती म्हणाली, ‘‘अम्मी, आपला तो मोडका लॅपटॉप आहे ना, त्याचाच राउटर होतो.’’

मला खरे वाटले नाही. मग तिने सांगितले. लिनक्स ही प्रणाली १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केली. ती मोफत आहे आणि कोणालाही तिच्यात बदल करता येतो. १९९० च्या दशकातच ‘लिनक्स राउटर प्रोजेक्ट’मधल्या मंडळींनी अख्खा राउटर १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर बसवला होता. आज फोनने काढलेला एक फोटोदेखील तेवढ्या जागेत मावत नाही. पुढे लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती राउटर आला. त्याच्या आत लिनक्सच होते. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की, ते वापरून वस्तू विकणाऱ्याने त्याचा मूळ कोड लोकांना उपलब्ध करून द्यावा. त्याप्रमाणे २००३ मध्ये तो कोड खुला झाला आणि त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही राउटरसाठीची छोटी लिनक्स प्रणाली उभी राहिली. आम्ही तीच वापरली.

सामान काय लागले?

लॅपटॉप जुना, दोन जीबी रॅमचा. स्क्रीन फुटलेली, म्हणून कपाटावर पडून होता. या कामाला त्याची ताकद भरपूर झाली. राउटरला दोन दारे लागतात, एक बाहेरचे आणि एक घरातले. लॅपटॉपला केबलचे एकच दार होते. दुसऱ्यासाठी यूएसबीला लागणारा नेटवर्क अ‍ॅडॅप्टर विकत घेतला. सोबत चार जीबीचा पेनड्राइव्ह, दोन केबल आणि घरात पडून असलेला जुना वाय-फाय राउटर. खर्च झाला तो फक्त अ‍ॅडॅप्टरचा.

विजेचा हिशेब आधी करावा. जुना डेस्कटॉप संगणक साधारण ६० वॉट घेत असेल, तर चोवीस तास चालवल्यावर महिन्याला ४३ युनिट होतात. फुकटातले यंत्र असे महाग पडते. लॅपटॉप १५ वॉट धरला तर ११ युनिट. ऑफिसांतून निघणारे ‘थिन क्लायंट’ नावाचे छोटे डबे १० वॉटच्या आसपास चालतात, म्हणजे ७ युनिट. जागाही वहीएवढीच लागते. लॅपटॉपचा आणखी एक फायदा म्हणजे त्याची बॅटरी. आमच्याकडे वीज गेली तरी तो चालू राहतो. फायबरच्या डब्याला मात्र वेगळा छोटा यूपीएस लागतो. बॅटरी फुगलेली दिसली तर ती ताबडतोब काढावी. ती घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.

जोडणी अशी केली

ओपनडब्ल्यूआरटीच्या ‘फर्मवेअर सिलेक्टर’ पानावर आपले यंत्र निवडता येते आणि लागणारी जादा पॅकेजेस आधीच त्यात घालून घेता येतात. यूएसबी अ‍ॅडॅप्टरचा ड्रायव्हर आम्ही तिथेच घातला. ती फाइल पेनड्राइव्हवर लिहिली. फुटक्या स्क्रीनऐवजी टीव्ही जोडून लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला. पेनड्राइव्हवर असलेले सर्व काही यात पुसले जाते, म्हणून त्यातले फोटो आधी काढून ठेवावेत.

मग साखळी लावली. फायबरच्या डब्यातून केबल यूएसबी अ‍ॅडॅप्टरमध्ये, हे बाहेरचे दार. लॅपटॉपच्या अंगच्या दारातून केबल जुन्या वाय-फाय राउटरला, हे घरातले दार. त्या जुन्या राउटरने आता फक्त वाय-फाय पसरवायचे. त्यासाठी तीन गोष्टी केल्या: त्याचा पत्ता बदलला, पत्ते वाटण्याचे त्याचे काम म्हणजे डीएचसीपी बंद केले आणि केबल त्याच्या ‘वॅन’ भोकात न लावता ‘लॅन’ भोकात लावली.

पहिल्या दिवशी काहीच चालेना. दोन तास डोके खाजवल्यावर कारण सापडले. ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि आमच्या फायबरच्या डब्याचाही तोच होता. एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन घरे असली तर पोस्टमनने करायचे काय? लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१०.१ केला आणि नेट सुरू झाले.

सुरुवातीला ओपनडब्ल्यूआरटीला पासवर्डच नसतो, तो पहिल्याच मिनिटाला ठेवावा. फायबरच्या डब्याचा आणि कॅमेऱ्याचाही पासवर्ड आम्ही बदलला. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती घालणेही गरजेचे आहे. कुलूप जुने झाले की चोरांना त्याच्या किल्ल्या माहीत होतात.

पाहुण्यांचे काय?

शेजारच्या मुलांना वाय-फाय बंद करणे आमच्या मनाला पटेना. घरापासून दूर राहणारी पोरे, संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावतात. यावर उपाय सोपा निघाला. फायबरच्या डब्याचे वाय-फाय आता पाहुण्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी. ते आमच्या गेटच्या बाहेर आहे. त्यावरून नेट मिळते, पण लॅपटॉपच्या आतल्या टीव्ही, फोन, कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवून पाणी दिले आणि माजघराचे दार लोटून घेतले.

कॅमेऱ्यासाठी एक नियम लिहिला: याने घराबाहेर काहीच पाठवायचे नाही. आता त्याचे चित्र घरातच दिसते.

नको त्या साइट्स अडवण्यासाठी लॅपटॉपमध्ये कुटुंबांसाठीचा डीएनएस लावला. डीएनएस म्हणजे नेटची पत्ते सांगणारी वही. क्लाउडफ्लेअरने १.१.१.३ हा पत्ता २०२० पासून मोफत दिलेला आहे. त्याच्या वहीत अश्लील आणि घातक साइट्सचे पत्ते दिले जात नाहीत.

ती एक खूण

सगळे लागी लागल्यावर मुलगी म्हणाली, ‘‘अम्मी, इथे एक खूण केली की घरातल्या कोणत्या फोनने कोणत्या साइटचे नाव विचारले, ते सगळे लिहिले जाईल. करू?’’

माझा नववीतला मुलगा शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही, पण त्याने माझ्याकडे पाहिले. खरे सांगते, माझे मन ‘हो’ म्हणायला निघाले होते. कोणत्या आईचे नसते?

पण मी थांबले. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करायला स्पष्ट मनाई आहे. आणि सूरह नूरमध्ये घरातल्या मुलांनाही शिकवले आहे की फज्रच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि ईशानंतर मोठ्यांच्या खोलीत विचारूनच यावे. जो धर्म घराच्या आतदेखील एकमेकांच्या आडोशाचा मान राखायला सांगतो, त्यात आईने चोरून मुलाचे रजिस्टर वाचावे का? दुसरीकडे, प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला आपल्या ताब्यातल्यांबद्दल विचारले जाईल, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणही आहे. राखण टाळता येत नाही. मला वाटते, राखणदार कुंपणावर उभा असतो. तो घरातल्यांच्या मागे लपून फिरत नाही.

ती खूण आम्ही केली नाही. त्याऐवजी जुम्याच्या रात्री जेवणानंतर सगळे बसलो आणि नियम सगळ्यांनी मिळून ठरवले. रात्री साडेदहा ते फज्र घरचे नेट बंद, मुलांचे आणि आमचेही. मुलांचे अब्बा तिसऱ्या पाळीला असले की तेवढा त्यांचा फोन चालू. रमजानमध्ये सहरीप्रमाणे वेळ बदलायची. अभ्यासाला जादा वेळ हवा असेल तर सांगून घ्यायचा. दादींनीही आपली अट घातली: ‘‘जेवताना कोणाच्याच हातात फोन नको, बापाच्याही नाही.’’ याला फायरवॉल लागत नाही.

कुंपणाला भोके असतात

या गेटवर फार विसंबू नये. साडेदहाला नेट बंद होते, पण आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कधी कधी चालूच राहतो, कारण त्याची नोंद रजिस्टरमध्ये आधीच झालेली असते. ब्राउझरमधले ‘सुरक्षित डीएनएस’चे सेटिंग किंवा व्हीपीएन आपली पत्त्यांची वही टाळून जाते. फोनच्या स्वतःच्या डेटाला तर हे गेट लागूच नाही. आणि आलेला ओटीपी आपणच कोणाला सांगितला, तर जगातली कोणतीही फायरवॉल पैसे वाचवत नाही. अशा वेळी क्षणही न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

सर्वांत मोठे भोक आमच्या मुलाने शोधले. चौथ्याच दिवशी नाश्त्याला तो म्हणाला, ‘‘अम्मी, रात्री पाहुण्यांचे वाय-फाय चालू असते. त्याचा पासवर्ड तर तोच जुना आहे.’’

मी विचारले, ‘‘तू वापरलेस का?’’

‘‘पहिल्या रात्री. मॅच होती,’’ तो खाली मान घालून म्हणाला.

पासवर्ड त्याच दिवशी बदलला. शेजाऱ्यांना नवा पासवर्ड नेऊन द्यायचे काम मी त्यालाच दिले, म्हणजे तो आता त्यालाही माहीत आहे. मला रजिस्टर ठेवावे लागले नाही, त्याने स्वतःच येऊन सांगितले. ती खूण केली असती तर त्याची मॅच मला दुसऱ्याच सकाळी दिसली असती. पण मग हे वाक्य त्याच्या तोंडून कधीच ऐकायला मिळाले नसते.

तुमच्याही माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप किंवा संगणक पडला असेल. उधळपट्टी अल्लाहला आवडत नाही, आणि चालणारी वस्तू भंगारात टाकणे ही उधळपट्टीच. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला ती वस्तू देऊन पाहा. सोबत एक सुट्टीचा दिवस आणि थोडा धीर द्या. आणि जोडणी झाली की गेटचे नियम एकट्याने लिहू नका, सगळ्यांना घेऊन बसा.