पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा

केमोथेरपी घेऊन पेशंट घरी येतो. चार-पाच दिवस मळमळ आणि थकव्यात जातात, मग जरा तरतरी येते. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे! खरं तर काळजीचे दिवस तिथूनच सुरू होतात. भाईंदरला फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना हा गैरसमज मला वारंवार भेटतो.

केमोची औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशाच, आणि हाडांच्या मगजात रोज तयार होणाऱ्या रक्तपेशीही तशाच. त्यांतल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी म्हणजे जंतूंशी लढणारी पहिली फळी. त्यांचं आयुष्य थोडं असतं. जुन्या संपतात, नव्या येत नाहीत. म्हणून बहुतेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्यांची संख्या तळाला जाते. पुढे ती हळूहळू भरून येते. अनेक डोस एकवीस दिवसांच्या अंतरानं देतात, त्याचं एक कारण हेच.

रिपोर्टमध्ये नुसता एकूण आकडा पाहू नका. एकूण पांढऱ्या पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के असतील, तर लढणाऱ्या पेशी ८०० झाल्या. हा आकडा १,५००च्या खाली गेला की पेशी कमी झाल्या असं म्हणतात. ५००च्या खाली धोका मोठा.

अशा वेळी ताप हीच पहिली, आणि कित्येकदा एकमेव खूण असते. पू व्हायलाही पांढऱ्या पेशी लागतात. त्याच नसतील तर जखम चिघळलेली दिसत नाही. म्हणून घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, किंवा थंडी वाजून आली, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर, शक्यतो हॉस्पिटलात पोहोचल्यापासून तासाभरात, सुरू व्हायला हवं. उशीर जिवावर बेतू शकतो.

आपल्या मीरा-भाईंदरचे अनेक पेशंट परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार घेतात. १९४१ सालापासून देशभरातली माणसं तिथे येतात. पण रात्री दोन वाजता परळ लांब असतं. म्हणून पहिल्या डोसच्या वेळीच तिथल्या डॉक्टरांना विचारून ठेवा : रात्री ताप आला तर फोन कुठे करायचा, आणि जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात उपचार सुरू करायचे? फाइल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, औषधांची नावं आणि डोसची तारीख एका पिशवीत दाराजवळ ठेवा.

रोजची पथ्यं साधी आहेत. साबणानं हात धुणं, उकळलेलं पाणी, घरचं ताजं, गरम अन्न. पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, कच्ची मोड आलेली कडधान्यं नकोत. नीट धुऊन सोललेलं केळं, मोसंबं चालतं. उगाच उपाशी ठेवू नका. विरार लोकलची गर्दी टाळा, जावंच लागलं तर मास्क लावा. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना 'बरे झालात की या' असं सांगायला संकोच नको. पपईच्या पानांचा किंवा गुळवेलीचा कच्चा रस देऊ नका; त्यानं या पेशी वाढतात याला पुरावा नाही, आणि कच्च्या रसातून जंतू मात्र पोटात जाऊ शकतात.

पेशी वाढवणारी इंजेक्शनं आहेत. ती सहसा केमोनंतर चोवीस तास उलटल्यावर देतात आणि फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. हाडं दुखणं हा त्यांचा नेहमीचा त्रास. ती सर्वांनाच लागतात असं नाही. तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

आणि पेशी कमी म्हणून डोस आठवडाभर पुढे गेला, तर 'आता उपचार लागू पडत नाहीत' असा अर्थ काढू नका. मगजाला सावरायला तेवढा वेळ दिलेला असतो.